पुढच्या चाकामागची जागा

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की बऱ्याच अंतरापर्यंत रस्ता तसा सपाटच आहे. पहाटे साडेपाचची वेळ, आमचा सहा जणांचा गट, आणि मी गटात नवीन. कुणाच्या चाकाला चाक लागू नये म्हणून मी बाजूला चार हात अंतर ठेवून चालवत होते. अर्ध्या तासात मांड्या भरून आल्या. साठी उलटलेले एक काका पुढे होते. त्यांनी मान वळवून हाक मारली, "अगं, एकटी वारा कशाला खातेस? माझ्या मागच्या चाकाला लाग."

मी त्यांच्या बरोबर मागे गेले. माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकापासून दोन-अडीच फुटांवर आणलं आणि कानात इतका वेळ चाललेली घोंघों एकदम थांबली. पेडल हलकं झालं. रस्ता तोच होता, गियर तोच, वेगही तोच, पण श्वास पुरायला लागला. पुढचा तासभर मी हेच अजमावत राहिले. जरा बाजूला सरकलं की आवाज परत, पायावर ओझं परत. मागे आलं की शांत.

सायकल शर्यत पाहणाऱ्या बहुतेकांना पडणारे प्रश्न ठरलेले असतात. इतके जण गठ्ठ्याने का चालतात? सगळ्यात ताकदवान माणूस सरळ पुढे का निघून जात नाही? जिंकतो एकच, मग त्याला संघ कशाला हवा? या तिन्हींचं उत्तर काकांच्या मागच्या त्या अडीच फुटांत आहे.

हवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तिला वजन नाही असं वाटतं. पण कोकणातल्या उन्हाळी सकाळी एक घनमीटर हवा, म्हणजे मोठ्या कपाटाएवढ्या जागेतली हवा, सव्वा किलोच्या जरा आतबाहेर भरते. समोरून पाहिलं तर सायकलवर बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर जागा अडवतो. म्हणजे एक किलोमीटर जाताना त्याच्या वाटेत पाचशे घनमीटर हवा येते. तिचं वजन होतं अर्ध्या टनाहून जास्त! ही हवा आपणहून बाजूला होत नाही. आपण ती ढकलतो, आणि ढकलण्याची मजुरी पाय देतात.

ही मजुरी वेगाबरोबर कशी वाढते, ते नीट पाहण्यासारखं आहे. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला वाटेत येणारी हवा दुप्पट होते. शिवाय तिच्यातला प्रत्येक कण दुप्पट वेगाने ढकलावा लागतो. म्हणून हवेचा जोर चौपट. आता त्या चौपट जोराविरुद्ध दर सेकंदाला आपण अंतरही दुप्पट कापतो, म्हणून लागणारी शक्ती आठपट. आकड्यांत सांगायचं तर ताशी १८ किलोमीटर वेगाला माझ्यासारखीला फक्त हवेसाठी साधारण २५ वॅट लागतात. ताशी ३६ला लागतात २०० वॅट. जुना पिवळा बल्ब १०० वॅटचा असायचा, तसे दोन बल्ब सतत पेटते ठेवायचे. चाकं रस्त्यावर घासण्यात जाणारी शक्ती मात्र वेगाच्याच प्रमाणात वाढते, २०चे ४० वॅट होतात, एवढंच. ताशी पंधरा-सतराच्या खाली रस्ता जड, त्याच्यावर हवा जड, असा ढोबळ हिशेब सपाटीवर धरायला हरकत नाही.

नव्या सायकलस्वाराची निराशा इथूनच येते. तीन महिने घाम गाळून पायांची ताकद २५ टक्क्यांनी वाढवली तरी ताशी ३०चा वेग जेमतेम ३२च्या वर सरकतो. मेहनत वाया गेलेली नसते. ती हवेने घेतलेली असते.

मग पुढच्याच्या मागे हलकं का वाटतं? माणसाचं शरीर माशासारखं निमुळतं नाही. हवा छातीवर आदळते, दोन्ही बाजूंनी पुढे जाते, पण पाठीमागे लगेच जुळून येत नाही. तिथे भोवरे होतात आणि दाब कमी पडतो. समोर जास्त दाब, मागे कमी दाब, म्हणजे समोरून कुणी ढकलतंय आणि मागून कुणी ओढतंय. हवेच्या विरोधातला मोठा वाटा या फरकाचा असतो. मागे येणारा माणूस त्या कमी दाबाच्या जागेत शिरतो. तिथली हवा आधीच पुढच्याबरोबर पुढे ओढली जात असते, त्यामुळे त्याच्या छातीवर येणारा वारा मंदावलेला असतो. नीट जवळ राहिलं तर हवेचा विरोध साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. ताशी ३०ला ११५ वॅट लागत असतील तर ७५-८०मध्ये काम भागतं.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी काकांना मुद्दाम सांगितली. मागच्यामुळे पुढच्यालाही थोडा फायदा होतो. मागच्याने ती कमी दाबाची जागा अंशतः भरल्यामुळे पुढच्याला मागे खेचणारी ओढ जराशी कमी होते. फायदा दोन-तीन टक्क्यांचाच, पण फुकटचा. काका म्हणाले, "म्हणजे तू इतके दिवस फुकट नाही खाल्लंस."

पाच-सहा जणांत एवढा फरक, तर शंभर-दीडशे जणांच्या घोळक्यात किती? या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला तेव्हा प्राध्यापक असलेले बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या लहान प्रतिकृती वायुबोगद्यात मांडून आणि संगणकावर गणित करून हे मोजलं. २०१८ साली त्यांचे निष्कर्ष आले. घोळक्याच्या आत, मागच्या रांगांमध्ये असलेल्याला हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के इतकाच उरतो. ताशी पन्नासने धावणाऱ्या घोळक्यात मधे बसलेल्या माणसाला हवा जाणवते ती एकट्याने ताशी पंधरा-सोळाने फिरायला निघाल्यासारखी. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत माणसं तीन आठवडे, रोज चार-पाच तास सायकल चालवतात, ती एरवी त्या वेगाने चालवताच आली नसती.

आता शर्यतीतलं राजकारण उलगडायला लागतं. समजा, चार जण सकाळीच पुढे पळाले. त्यांना चौघांत वारा वाटून घ्यायचा आहे; मागे शंभर जण आहेत. घोळका मनात आलं की वेग वाढवू शकतो, कारण पुढे येऊन वारा खायला ताजी माणसं रांगेत उभीच असतात. शर्यतीच्या जगात एक जुना ठोकताळा आहे, रॉबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने ओळखला जाणारा: घोळका जोर लावून मागे लागला तर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. म्हणून दिवसभर पुढे असलेली माणसं शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये गाठली जातात. टीव्हीवर पाहताना जीव तुटतो. पण घोळक्याने तो हिशेब सकाळपासून मांडलेला असतो.

आणि संघ का, तर कुणीतरी वारा खावा लागतो म्हणून. फ्रेंचमध्ये अशा सायकलस्वाराला दोमेस्तिक म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. संघात ज्याने जिंकायचं त्या नायकासाठी संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं, आणि तासन्‌तास त्याच्यापुढे राहून हवा फोडायची. अखेरच्या दोनशे मीटरला नायक त्याच्या मागून बाहेर पडतो, हजार वॅटच्या इस्त्रीला मागे टाकेल एवढी शक्ती काही सेकंद पेडलवर ओततो आणि जिंकतो. टूर जिंकणारा बक्षिसाची रक्कम सोबत्यांमध्ये वाटून टाकतो, ही तिथली जुनी रीत आहे. वाऱ्याचा हिशेब कळल्यावर मला ती रीत उपकारासारखी वाटत नाही. ती उधारी फेडणं आहे.

पक्षी व्ही आकारात उडतात तसंच हे, असं बरेचदा सांगितलं जातं. ते पूर्ण बरोबर नाही. पक्ष्याच्या पंखाच्या टोकामागे हवेचा भोवरा तयार होतो, त्याची एक बाजू वर चढणारी असते. मागचा पक्षी त्या चढत्या हवेवर पंख टाकतो, म्हणजे त्याला उचलून धरणारी हवा मिळते. सायकलस्वाराला उचललं जायचं नसतं, फक्त आडोसा हवा असतो. मात्र वारा बाजूने आला की सायकलस्वारही तिरक्या ओळीत जातात, कारण आडोसा आता बरोबर मागे नसतो, तिरका असतो. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच जागा मिळते, उरलेले रस्त्याच्या कडेला एकामागे एक वारा खात फरफटतात. अशा दिवशी पूर्ण सपाट रस्त्यावरही घोळक्याचे तुकडे होतात.

एकट्याने हवेशी लढायचं तर? तेव्हा स्वतःलाच लहान करावं लागतं. १९८९च्या टूरचा शेवटचा दिवस याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध. तोवरच्या सगळ्या दिवसांची वेळ मिळून फ्रान्सचा लोरां फिन्यो ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ दुसरा. लेमाँने हँडलवर पुढे निघालेले दांडे लावले होते, त्यांवर कोपर टेकले की दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतात आणि समोरून माणूस अरुंद दिसतो. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. फिन्योकडे असे दांडे नाहीत, डोकं उघडं, केसांची शेपटी वाऱ्यावर. लेमाँने अंतर कापलं २६ मिनिटं ५७ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे साडेचोपन्न किलोमीटर वेगाने. फिन्योला ५८ सेकंद जास्त लागले. तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर लेमाँ ८ सेकंदांनी टूर जिंकला. इतक्या थोड्या फरकाने पुरुषांच्या टूरचा निकाल त्याआधी कधी लागला नव्हता, नंतरही लागलेला नाही. त्या दिवशी फिन्योला जांघेजवळच्या जखमेचा त्रासही होत होता. त्यामुळे सगळं श्रेय त्या दांड्यांना देणं न्यायाचं नाही. पण ८ सेकंद म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती केसांची शेपटी येतेच.

हवाच पातळ असेल तर काम आणखी सोपं. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने १९७२ साली एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला, तो मुद्दाम मेक्सिको सिटीत. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे, आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण एक पंचमांशाने विरळ. श्वासाला प्राणवायू कमी मिळाल्याने पायांची ताकद घटते हे खरं, पण पुढून अडवणारा हवेचा विरोध त्याहून जास्त कमी होतो, म्हणून सौदा फायद्याचा ठरतो.

इथे दमट दिवसाची गंमत सांगायला हवी. पावसाच्या तोंडावर आपण म्हणतो, हवा जड झालीय. खरं तर ती हलकी झालेली असते. पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, आणि वाफ हवेत आली की तेवढ्या जागेतले ते जड रेणू बाजूला होतात. दमट हवा तेवढ्याच गरम कोरड्या हवेपेक्षा एक-दीड टक्का हलकी असते. मग जड का वाटते? ते घाटात कळतं.

खोपोलीला चहा घेतला, वडापाव खाल्ला, की बोरघाट सुरू. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सगळ्यांच्या आधी सर करणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. शर्यत पुण्यात संपते, पण लोकांच्या तोंडी नाव राहतं ते घाटाच्या राजाचं. का, त्याचंही उत्तर आकड्यांत आहे.

शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरा. मी आणि सायकल मिळून ८० किलो. ताशी दहाच्या वेगाने वर जाताना वजन उचलण्यात सुमारे १३० वॅट जातात, चाकांत ११, आणि हवेत फक्त ४. चार! म्हणजे इथे काकांच्या मागे लपून मला काहीही मिळत नाही. ज्या आडोशावर सकाळपासूनची सगळी सोयरीक उभी होती तो आडोसाच नाहीसा झालेला असतो. शिंगरोबाच्या देवळापर्यंत येता येता आमच्या सहा जणांचे सहा तुकडे झालेले असतात, प्रत्येकजण आपल्या श्वासाच्या तालावर. ज्या धनगराने इंग्रजांना या घाटाची वाट दाखवली असं सांगतात त्याचं हे देऊळ. येणारे-जाणारे गाडीतून नाणं टाकतात. मी तिथे एक घोट पाणी पिते. व्यावसायिक सायकलपटू हाच चढ ताशी वीसच्या पुढे चढतील, तेव्हा त्यांना आडोशाचा थोडा उपयोग होईल, पण सपाटीसारखा नाही.

सपाटीवर आणि घाटात वेगवेगळी माणसं जिंकतात तीही याचमुळे. मोठ्या अंगाच्या माणसाचे स्नायू जास्त, पण समोरून दिसणारं शरीर त्या प्रमाणात मोठं नसतं. सपाटीवर त्याची सरशी. घाटात मात्र प्रत्येक किलो उचलावा लागतो. स्पेनचा मिगेल इंदुराइन, वजन ऐंशीच्या आसपास, एकट्याने घड्याळाविरुद्ध धावताना त्याला तोड नव्हती. १९९१ ते १९९५ सलग पाच टूर त्याने जिंकल्या. इटलीचा मार्को पांतानी साठ किलोच्याही आतला. चढावर तो सुटला की कुणाला दिसत नसे.

परतीला हेच उलटं होतं. उतारावर आमच्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ पेडल न मारता सगळ्यांच्या पुढे जातात. शाळेत तर शिकलो होतो की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते. बरोबर आहे, पण हवा नसेल तर. हवा आपला आकार पाहून अडवते, आपलं वजन विचारत नाही. शंभर मीटरला सहा मीटरच्या उतारावर ८० किलोची जोडी ताशी ५२-५३च्या आसपास स्थिरावते, १०० किलोची ५७च्या पुढे. हा हिशेब सरळ, मोकळ्या रस्त्याचा. घाटातल्या वळणांवर ब्रेकच कामाला येतात.

आता घामाचं. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटर उंची चढायची म्हणजे ८० किलोसाठी सुमारे ३९० किलोज्यूल काम. शरीर खाल्लेल्या अन्नाच्या पाव हिश्शापेक्षाही कमी भाग पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे त्यासाठी जाळावं लागतं जवळपास ४०० किलोकॅलरी अन्न. म्हणजे साधारण दीड वडापाव. (किलोज्यूल आणि किलोकॅलरी यांचे आकडे इथे सारखेच येतात हा शुद्ध योगायोग आहे, पण सायकलवाल्यांच्या फार सोयीचा.) उरलेली तीन हिश्शांहून जास्त ऊर्जा कुठे जाते? उष्णतेत. पाय १५० वॅट देतात तेव्हा शरीर आणखी ५०० वॅटची शेगडी झालेलं असतं.

ती शेगडी विझवायला घाम. माठातलं पाणी जसं पाझरून, वाळून आतलं पाणी गार करतं तसंच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ५०० वॅटसाठी तासाला पाऊण लिटर पुरे. अट एकच, तो वाळला पाहिजे, ठिबकून उपयोग नाही. सपाटीवर ताशी तीसच्या वेगाने आपणच आपल्याला पंखा घालत असतो. घाटात वेग दहावर येतो, पंखा बंद पडतो. त्यात जूनमधली दमट हवा, वाफ घ्यायला तिच्यात जागाच नाही. भुवईवरून थेंब निघतो, नाकाच्या शेंड्यावर थांबतो आणि सायकलच्या दांड्यावर पडतो. तो पडलेला प्रत्येक थेंब फुकट गेला. हवा जड वाटते ती यामुळे. सकाळभर जिला शिव्या दिल्या ती वाऱ्याची झुळूक घाटात हातापाया पडून मागावीशी वाटते.

कुणी मला विचारलं की सायकल एक किलोने हलकी करायला पैसे घालू का, तर मी हे गणित सांगते. ८० किलोत एक किलो म्हणजे सव्वा टक्का. चाळीस मिनिटांच्या चढात अर्धा मिनिट वाचेल. सपाटीवर जवळपास काहीच नाही. कोपर वाकवून छाती खाली नेली तर याहून कितीतरी जास्त मिळतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. मात्र मानेला आणि कमरेला सवय लागायला काही महिने द्यावे लागतात, घाई केली तर पाठ धरते.

खंडाळ्याला सगळे पुन्हा जमतो. हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. लोणावळ्यापुढे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. परत येताना तोच तोंडावर, आणि दोन्ही मिळून फिटंफाट होत नाही. वीस किलोमीटर वाऱ्याविरुद्ध ताशी २०ने, वीस वाऱ्याबरोबर ३०ने: एक तास आणि चाळीस मिनिटं, एकूण शंभर मिनिटं. वारा नसता तर २५ने शहाण्णव मिनिटं लागली असती. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा.

पण पुण्याकडे जाताना हा विचार मी मनात आणत नाही. कामशेतच्या अलीकडे कधीतरी पाठीवरच्या वाऱ्याचा वेग आणि माझा वेग नेमका सारखा होतो. त्या वेळी माझ्यापुढे कुणीच नसतं, तरी कानातली घोंघों थांबते. रस्त्याकडेचं गवत माझ्याच दिशेला वाकलेलं असतं, आणि साखळीची बारीक कुरकुर, टायरखालचं ओलं डांबर, मागून येणाऱ्या काकांचा श्वास, सगळं वेगवेगळं ऐकू येतं.